कुलपात शिरलेलं बोट

सिंधुदुर्गात वर्षाचे नऊ-दहा महिने बंद असलेली घरं गावागावांत आहेत. शिमग्याला, मे महिन्यात आणि चवथीला ती उघडतात. चाकरमानी मुंबईला परतले की पुन्हा कुलूप. अशा घराची एक किल्ली थोरल्या भावाकडे, दुसरी शेजारच्या काकीकडे आणि तिसरी नेमकी कोणाकडे, यावर दरवर्षी चर्चा. बोट टेकवून उघडणाऱ्या कुलपाची जाहिरात त्यामुळे या घरांना बरोबर लागू पडते. किल्लीच नसली की ती हरवणार नाही आणि तिच्यावरून भावाभावांत वादही होणार नाही. दुकानदार चार-पाच नमुने समोर मांडतो, प्रत्येकावर निळा दिवा लुकलुकतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं. कोणतं घ्यावं हे ठरवायचं तर या वस्तूचं कुळ ठाऊक असलेलं बरं. कारण या कुलपात दोन अनोळखी घराण्यांची सोयरीक झालेली आहे. लोखंडाचं घराणं मुंबईचं, बोटाचं बंगालचं. योगायोग असा, की दोन्हीकडे १८९७ हेच साल महत्त्वाचं आहे.

लोखंडाचं आधी सांगून टाकतो, ते सरळ आहे.

जुन्या मालवणी घराच्या पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लागण्याचे प्रसंग थोडेच यायचे. घर एकत्र, ओटीवर कोणी ना कोणी म्हातारं माणूस बसलेलं. रात्री आतून अडसर लावायचा, म्हणजे भिंतीच्या भोकातून सरकवायचा जाड लाकडी दांडा. दिवसा कडी-कोयंडा पुरे. उरलेली जबाबदारी गावाच्या राखणदार देवाची. वर्षाकाठी त्याला राखण द्यायची, गाऱ्हाणं घालायचं आणि निर्धास्त झोपायचं. (नवं कुलूप बसवलं म्हणून राखण बंद करणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.) खरा बंदोबस्त होता तो किल्ल्यात. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. त्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रूला दारच सापडू नये, ही कुलपाच्या वरची पायरी झाली.

कुलूप ही घराबाहेर पडणाऱ्यांची गरज. कोकणातला माणूस गिरणीत आणि गोदीत गेला, चाळीतल्या खोलीत राहू लागला, तेव्हा ती त्याला भासू लागली. त्याच मुंबईत अर्देशिर गोदरेज हा पारशी तरुण वकिली सोडून बसला होता. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्याचा त्याचा पहिला उद्योग फसला. शहरातल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्याने १८९७ साली लालबागला एका शेडमध्ये कुलपं बनवायला घेतली. कोकणी गिरणी कामगारांनी पुढे जो लालबाग-परळ भरून टाकला, तोच हा भाग. कुलपाच्या पोटात पितळी पट्ट्या. किल्लीच्या दातांनी प्रत्येक पट्टी ठरल्या उंचीवर उचलली गेली तरच दांडा सरकतो. पुढे याच कारखान्याचं ‘नवताल’ आलं, ते आजही कोकणातल्या कित्येक बंद दारांवर लटकताना दिसतं.

बोटाचं घराणं मोठं आणि भानगडींचं आहे.

हाताचा ठसा उमटवणं आपल्याकडे नवं नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ल्यातच शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून चुन्यातला ठसा छोट्या घुमटीखाली जपलेला आहे. लोक तिथे हात जोडतात. रेषा जुळवून पाहायचं कोणाच्या मनात येत नाही. मोगल फर्मानांवर कधीकधी पंजाचा ठसा असे, तो बादशहाचा शब्द मानला जाई. गावच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, अक्षर न येणारा पाटील नांगराची आकृती काढून निशाणी करी. पण नांगर पाटीलकी सांगे, माणूस सांगत नसे. शेजारच्या गावच्या पाटलाचाही नांगरच.

माणूस सांगणारा ठसा १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला उमटला. विल्यम हर्शेल हा तरुण इंग्रज सनदी अधिकारी रस्त्यासाठी खडीचा माल घेत होता. राज्यधर कोनाई या स्थानिक कंत्राटदाराने करार लिहून दिला. तो सही करणार इतक्यात हर्शेलच्या मनात आलं, उद्या हा ‘सही माझी नव्हे’ म्हणाला तर? त्याने कचेरीच्या शिक्क्याची शाई कोनाईच्या हाताला फासली आणि कागदाच्या पाठीवर पंजा उठवला. करार मोडायची कोनाईला हिंमत होऊ नये, एवढाच हेतू होता, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. शास्त्र नंतर आलं, आधी आला तो धाक.

हर्शेलला मग नादच लागला. वर्षानुवर्षं तो ठसे घेत राहिला आणि रेषा बदलत नाहीत हे त्याला दिसलं. १८७७ मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने पेन्शन, दस्त आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे घ्यायला लावले, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने पेन्शन उचलणाऱ्यांची पंचाईत. तिकडे जपानात राहणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने १८८०मध्ये याच विषयावर ‘नेचर’ला पत्र लिहिलं आणि मान कोणाचा यावर दोघांचं वाजलं.

अडचण वेगळीच होती. ठसे हजारोंनी जमले, पण त्यांतला एक शोधायचा कसा? याचं उत्तर कलकत्त्यात निघालं. आपल्याकडे लहान मुलाची बोटं उलगडून चक्रं किती आणि शंख किती हे घरोघरी मोजलं जातं. चक्रं जास्त तितकं पोर भाग्याचं. बंगाल पोलिसांतले अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघेही, एका अर्थी, चक्रंच मोजत होते. बोटं दहा. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न: चक्र आहे की नाही? दोन उत्तरं, दहा वेळा, म्हणजे १०२४ शक्यता. तितके खण असलेलं कपाट करायचं. कैद्याची दहा बोटं पाहिली की त्याचा कागद कोणत्या खणात असेल ते गणिताने कळतं, हजारो कागद चाळावे लागत नाहीत. गणिताची ही बाजू हक यांची. १८९७च्या जूनमध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय सुरू झालं. पद्धतीला नाव मात्र मिळालं साहेबाचं, पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचं. १९०१ साली हेन्री ती घेऊन स्कॉटलंड यार्डात गेले. हक खानबहादूर झाले, बोस रायबहादूर. पदव्यांनी फिटण्याइतकं हे देणं लहान नव्हतं, असं माझं मत.

पहिली मोठी परीक्षा १८९८ सालच्या जलपैगुडीच्या खटल्यात झाली. चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या पेटीतल्या बंगाली पंचांगावर अंगठ्याचा तपकिरी डाग होता. तो कांगाली चरण या जुन्या नोकराच्या, पूर्वी शिक्षा झाल्यामुळे कलकत्त्यात असलेल्या ठशाशी जुळला. न्यायालयाने चोरी मानली, खून मानला नाही. बोट तिथे होतं एवढंच ठसा सांगतो, ते काय करत होतं हे सांगत नाही. त्या काळच्या न्यायाधीशांना हा फरक कळला होता.

सरकारला मात्र तो कळून घ्यायचा नव्हता. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींच्या माणसांची, गुन्हा केलेला असो-नसो, केवळ जन्मावरून बोटं उठवून घेण्याची मुभा दिली. हा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२मध्ये गेला. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या सरकारने १९०६ साली हिंदी लोकांकडून दहाही बोटांचे ठसे मागितले आणि गांधीजींचा सत्याग्रह त्यातून उभा राहिला. इकडे दस्तावर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ होताच. २००१च्या दुरुस्तीने दस्तनोंदणीत फोटोबरोबर सर्वांचेच, शिकलेल्यांचेही, ठसे आले. मग २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं आणि कोनाईच्या हाताला लागलेली शाई, आता शाईविना, सगळ्या देशाच्या बोटांना लागली. रेशनच्या दुकानात तांदूळ मिळण्याआधी अंगठा टेकवणारी म्हातारी या कुळकथेतलीच.

बोट सामान्य घरांच्या कुलपात शिरलं ते मोबाइलच्या वाटेने. २०१३ साली आयफोनच्या बटणात ठसा वाचणारा सेन्सर आला, तो खपला, इतर कंपन्यांनी तो उचलला, सुटे भाग स्वस्त झाले आणि दारापर्यंत पोचले. तो आयफोन आला त्याच महिन्यात जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी काचेवर राहिलेल्या ठशावरून नकली बोट करून तो फोन उघडूनही दाखवला. त्याआधी २००२ मध्ये जपानी संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनच्या बोटांनी अकरा यंत्रांना चकवलं होतं.

या साऱ्या प्रवासात बोट साक्षीदार होतं. ‘मीच तो’ एवढं ते सांगायचं. कुलपाने त्याला किल्ली केलं, आणि किल्लीचे दोन गुण बोटात नाहीत. किल्ली काकीच्या हाती देता येते. किल्ली चोरीला गेली तर कुलूप बदलता येतं. बोटाचा ठसा मात्र आपण दिवसभर चहाच्या कपांवर ठेवत फिरतो आणि बदलायला बोटं दहाच. म्हणून ज्यात नुसतं बोट चालतं असं कुलूप घेऊ नये. सोबत आकडे टाकायची पाटी हवी, म्हणजे चवथीआधी घर झाडायला येणाऱ्या बाईला तेवढ्यापुरता आकडा देऊन नंतर तो रद्द करता येईल. आणि खरीखुरी किल्ली हवीच.

आता मालवणी किनाऱ्याच्या अटी, ज्या जाहिरातीत नसतात. स्वस्त कुलपातला सेन्सर बोटाचा फोटो काढतो. त्यापेक्षा बरा, कातडीचा विद्युतभार मोजणारा घ्यावा. तरी रापणीच्या जाळ्याचे दोर ओढलेले हात, चिरे घडवणाऱ्याचे हात, काजूच्या तेलाने सोललेली बोटं यांच्यापुढे दोन्ही अडखळतात. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. वेंगुर्ल्याकडच्या काजू सोलणाऱ्या बायकांना ते कोणी समजावून सांगायला नको. घरातल्या प्रत्येकाची निदान दोन-तीन बोटं, दोन्ही हातांची, नोंदवावीत. खारी हवा जस्ताच्या ओतीव धातूवरचा मुलामा फुगवते आणि पाडते. समुद्रालगत ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील टिकतं, त्यात मॉलिब्डेनम असतं. साधं ३०४ तांबूस पडतं. पावसाची झड थेट बसेल अशा दारावर कुलूप बसवू नये, पडवीच्या आतलं दार बरं.

आणि ते दार फुगतं. पावसात लाकूड पाणी धरतं, बोल्ट चौकटीच्या भोकाला घासतो, आतली छोटी मोटर जोर लावते आणि सेल लवकर संपतात. वैशाखात बसवलेल्या कुलपाची खरी पारख श्रावणात होते. सुताराला तेव्हा पुन्हा बोलवायचं आधीच ठरवून ठेवा. कुलूप सेलवर चालतं, म्हणून वीज गेल्याने अडत नाही. पण मुंबईत बसून फोनवरून दार उघडायला वायफाय लागतं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातली कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती, हे आठवावं. सेल संपले तर बाहेरून तात्पुरती वीज देता येईल अशी सोय आहे का, तेही पाहावं. महिनोन् महिने पडून राहिलेले सेल गळतात आणि आतलं सगळं खातात.

माझा निवाडा असा: ज्या घरात रोज माणसं आहेत, किल्ली विसरणारी पोरं आहेत, तिथे बोटाचं कुलूप सोयीचं. नऊ महिने बंद राहणाऱ्या घराला अजून जुनं पितळी पट्ट्यांचं कुलूप आणि शेजारची काकी हाच बंदोबस्त चांगला. तरीही घ्यायचंच ठरलं असेल, तर दुकानात एकटे जाऊ नका. घरातल्या सर्वांत वयस्क, सर्वांत जास्त हातांनी राबलेल्या माणसाला बरोबर न्या, त्याचं बोट पाण्यात बुडवून दहा वेळा टेकवायला लावा, आणि ज्यावर ते बहुतेक वेळा चाललं तेच विकत घ्या.