सेकंदाच्या ठोक्याची कुळकथा

उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान सांगणाऱ्या लहानशा जीपीएस मॉड्यूलच्या एका पिनेवर दर सेकंदाला विद्युद्दाब एकदम चढतो व लगेच उतरतो, आणि त्या चढाच्या कडेवर दूरध्वनीची जाळी, वीजकेंद्रे आणि वेधशाळा आपापली घड्याळे मुक्रर करतात. स्थानदर्शक यंत्राने जाता जाता दिलेली ही बक्षिसी आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. मात्र या ठोक्याचे कुळ पाहता ती टिकत नाही.

त्याचा मूळपुरुष ग्रिनिचचा कालगोल. 1833 सालापासून तेथील वेधशाळेच्या माथ्यावर एक मोठा गोळा दुपारी 12.55 वाजता अर्ध्या काठीपर्यंत, 12.58 वाजता शेंड्यापर्यंत चढवून ठीक एक वाजता सोडला जाई, आणि थेम्स नदीतल्या जहाजांवरचे अधिकारी गोळा खाली पोचल्याचा नव्हे, तर शेंड्यावरून सुटल्याचा क्षण ग्राह्य धरून आपली क्रोनोमीटरे तपासीत. आजच्या ठोक्यातही चढाची कडा तेवढी प्रमाण असते. आणि गोळ्याप्रमाणेच तोही मुका असल्यामुळे, तो कोणत्या सेकंदाचा, हा दाखला निराळ्या तारेने संदेशरूपाने यावा लागतो.

1852 मध्ये राजज्योतिषी एअरी यांनी चार्ल्स शेपर्डचे विद्युत्-घड्याळ बसवले आणि दर सेकंदाचा ठोका तारेतून दुय्यम घड्याळांकडे जाऊ लागला. गोळाही त्याच्याच हुकमाने सुटू लागला.

पुढची पिढी अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत जन्मली. तेथील रॉजर ईस्टन यांनी स्थिर घड्याळच उपग्रहात बसवावे आणि त्याच्या संकेताला पोचण्यास लागलेल्या विलंबावरून अंतर काढावे, अशी तजवीज केली. 1967 च्या ‘टायमेशन’ उपग्रहात ते घड्याळ स्फटिकाचे होते, पुढे रुबिडियम आणि सीझियम आले, आणि 1978 पासून जीपीएसचे उपग्रह कक्षेत जाऊ लागले. रिसीव्हरला स्थानाच्या तीन अज्ञात राशींबरोबर स्वतःच्या स्वस्त घड्याळाची चूक ही चौथी राशीही सोडवावीच लागते. म्हणून चार उपग्रह लागतात, आणि म्हणूनच शुद्ध काळ हा या गणिताचा अविभाज्य भाग आहे.

तथापि गणितात सापडलेला क्षण पिनेवर उतरवताना एक अडचण येते. मॉड्यूलला ठोका आपल्या स्फटिकाच्या एखाद्या स्पंदावरच काढता येतो, आणि 1990 च्या दशकातील मोटोरोला ऑनकोर मॉड्यूलमध्ये अशा दोन स्पंदांत सुमारे 100 नॅनोसेकंदांचे अंतर असे. त्यामुळे ठोका क्रमाक्रमाने सरकत जाई आणि मग एकदम मागे उडी घेई, व त्या चुकीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसे. दूरदूरच्या रेडिओ-दुर्बिणींचे वेध एकत्र जुळवण्यासाठी नासाचे टॉम क्लार्क यांनी या मॉड्यूलवर कालदर्शक यंत्र उभारले, तेव्हा या दात्यांचा बंदोबस्त करणे भागच होते. तो झाला मॉड्यूलच्याच साक्षीने: आपला ठोका खऱ्या क्षणापासून किती ढळेल, तो आकडा ते स्वतःच संदेशातून कळवते, आणि वेध घेणारा तेवढी दुरुस्ती करून घेतो, त्याखेरीज अँटेनाच्या केबलच्या दर मीटरमागे सुमारे 5 नॅनोसेकंदांचा विलंब असतो, तो त्याने लांबी मोजून आधीच वजा केलेला असतो.