मळी, मद्यार्क आणि प्लॅस्टिकचा सांधा

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की सणसर, लासुर्णे, जंक्शन मागे पडतं आणि अंथुर्णे येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस दिसतो. हा ऊस नीरा नदीच्या डाव्या कालव्यामागून आला. १८७६ ते ७८च्या दुष्काळाने हा टापू होरपळून निघाला होता. त्यानंतर १८८५ साली कालव्याचं पाणी वाहू लागलं आणि ज्वारी-बाजरीच्या माळावर बागायत उभी राहिली. पुढे गुऱ्हाळं आली, मग साखर कारखाने. या उसाचं साखरेशी असलेलं नातं सांगायला नको. प्लॅस्टिकची छोटी विमानं, जहाजं, रणगाडे, सैनिक जुळवत बसणाऱ्यांच्या छंदाशीही त्याचं नातं आहे. ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते गोंदाच्या बाटलीत आहे.

या भागाला चिकटवण्याची विद्या नवी नाही. बारामती-इंदापूरच्या धनगरवस्त्यांवर मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणली जात, तेव्हा लोकरीच्या सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ लावत. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवून खळ करायची. ती कुंच्याने सुतावर ओढली की विणताना धागा पिंजत नसे. गावचा सुतार सरस वापरी. जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला हा गोंद पाण्यात भिजवून, दुहेरी भांड्यात मंद आचेवर गरम ठेवावा लागे. थेट विस्तवावर धरला तर तो जळे आणि त्याची पकड जाई. वह्या बांधणारा कणकेच्या किंवा मैद्याच्या खळीत मोरचूद घाली, म्हणजे पुठ्ठ्याला कसर लागत नसे. पाकिटं आणि कागद यांच्यासाठी बाभळीचा डिंक होताच. सावंतवाडीच्या गंजिफांचे गोल पत्तेही चिंचोक्याच्या खळीने ताठ करून मग रंगवले जात आणि वर लाखेचा लेप चढे.

या जुन्या कारागिरांकडे शिकण्यासारखं काय होतं? घोंगडीला सरस लावायचा नाही आणि खुर्चीच्या पायाला खळ लावायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोर कोणता पदार्थ आहे ते आधी पाहायचं आणि मग गोंद निवडायचा. आजच्या दुकानात ‘सगळं चिकटवणारी’ ट्यूब मागणाऱ्याकडे नेमकी हीच समज कमी पडते.

या सगळ्या गोंदांचं काम एकाच रीतीने चाले. ते पाण्यात पातळ करून लावायचे. लाकूड, लोकर, कागद आणि कापड यांना रंध्रं असतात. ओला गोंद त्यांत शिरतो, पाणी उडून जातं आणि आत राहिलेला गोंद धरून ठेवतो. १९५९ साली मुंबईत बळवंत पारेख यांच्या कंपनीने बाजारात आणलेला फेव्हिकॉलही याच कुळातला आहे. फरक एवढाच, की त्यात जनावरांच्या हाडांऐवजी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हे कृत्रिम बहुवारिक आहे. सरस गरम ठेवण्याची कटकट संपल्यामुळे सुतारांनी तो उचलून धरला. पण प्लॅस्टिक पाणी पीतच नाही. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पांढरा गोंद वाळून पापुद्रा होतो आणि नखाने निघून येतो. शाळेच्या प्रकल्पात विमानाचे पंख फेव्हिकॉलने लावणाऱ्या मुलाची निराशा इथून सुरू होते.

छोट्या प्रतिकृतींचं प्लॅस्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असतं. पण या छंदाची सुरुवात त्याने झाली नाही. १९३६ साली इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाची विमानांची किट निघाली, ती सेल्युलोज ॲसिटेटची होती. उष्णतेने आणि ओलाव्याने ते वाकडंतिकडं होई. पॉलिस्टायरीन मात्र साच्यात ओतलं की बारीकसारीक रेषा जशाच्या तशा घेतं आणि पुढे आकार बदलत नाही. १९५२ साली एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने ‘गोल्डन हिंड’ या जहाजाचं किट दोन शिलिंगांत विकायला काढलं आणि हा छंद सामान्य घरांत शिरला. जपानमध्ये शिझुओकाच्या तामियाने १९६० साली ‘यामातो’ युद्धनौकेचं किट काढलं. भारतातही पॉलिस्टायरीन फार मागे नव्हतं. पॉलिकेम या मुंबईच्या कंपनीने १९५७ सालीच त्याचं उत्पादन सुरू केलं. त्यातून पेनं, कंगवे, डबे आणि खेळणी झाली. किटचा छंद मात्र आपल्याकडे परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतूनच जास्त आला.

इथे वालचंदनगरचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अंथुर्ण्याच्या शेजारी, कळंबच्या माळावर, १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती गाव वसवलं. याच माणसाने १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी काढली आणि मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची मोटार उभी केली. विशाखापट्टणमच्या गोदीतलं ‘जल-उषा’ हे जहाज १९४८ साली पाण्यात उतरलं. विमान, जहाज आणि मोटार हे प्रतिकृती जुळवणाऱ्याचे तीन लाडके विषय एकाच उद्योजकाने खऱ्या आकारात हाती घेतले होते, आणि त्याची शेती याच कालव्याच्या पाण्यावर होती.

आता गोंदाकडे. पॉलिस्टायरीन ज्याने चिकटतं त्याला छंदाच्या दुकानात ‘प्लॅस्टिक सिमेंट’ म्हणतात, पण तो खरं तर द्रावक आहे. दोन भाग एकमेकांना लावून फटीत त्याचा थेंब सोडला की तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो. मऊ झालेल्या प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या एकमेकींत मिसळतात, मग द्रावक उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. मध्ये गोंदाचा थर उरतच नाही. म्हणून असा सांधा नीट झाला असेल तर तो उखडत नाही. जोर लावल्यावर कधी कधी सांध्याशेजारचं प्लॅस्टिक तुटतं, सांधा नाही.

सुरुवातीच्या ट्यूबमध्ये टोल्युइनसारख्या द्रावकात पॉलिस्टायरीन विरघळवून दाट केलेला गोंद असे. त्याच्या तारा सुटत, विमानाच्या काचेवर बोटांचे ठसे उमटत आणि वासाने डोकं भणभणे. अमेरिकेत मुलं तो वास मुद्दाम हुंगू लागली. तेव्हा १९६९ साली टेस्टर्स या कंपनीने आपल्या गोंदात मोहरीच्या तेलाचा झोंबणारा अर्क मिसळला, म्हणजे हुंगणाऱ्याला ते असह्य व्हावं. पुढे बऱ्याच कंपन्या टोल्युइनकडून ब्युटाइल ॲसिटेट, इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटोन यांच्याकडे वळल्या. तामियाच्या पातळ, कुंचलीच्या बाटलीत ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असतं. रेव्हेल या कंपनीच्या सुईवाल्या बाटलीतही ब्युटाइल ॲसिटेट असतं.

आणि इथे उसाची गाठ पडते. साखर काढून झाली की उरते ती मळी. ती आंबवून आसवनीत मद्यार्क काढतात. मद्यार्कापासून ॲसिटिक आम्ल होतं. आम्ल आणि मद्यार्क यांचा संयोग केला की इथाइल ॲसिटेट मिळतं. बारामती तालुक्यात नीरा स्टेशनजवळच्या निंबूत इथे हे प्रत्यक्ष घडतं. तिथला रसायनांचा कारखाना आधी पॉलिकेमचा होता, तोच पॉलिकेम ज्याने देशात पॉलिस्टायरीन आणलं. पुढे तो आजच्या ज्युबिलंट समूहाकडे गेला. त्या समूहाची मूळ कंपनी १९७८ साली ‘व्हॅम ऑरगॅनिक’ या नावाने निघाली. व्हॅम म्हणजे व्हिनाइल ॲसिटेट मोनोमर, ज्याच्यापासून सुताराचा पांढरा गोंद बनतो. सुताराचा गोंद आणि प्लॅस्टिकचा द्रावक, दोघांचीही नाळ ॲसिटिक आम्लाशी आहे, आणि आपल्या देशात ते आम्ल वर्षानुवर्षं उसाच्या मळीतून निघालं. नीरेच्या खोऱ्यातल्या माणसाला याचा रास्त अभिमान वाटावा.

मग विश्वासाचा गोंद कोणता? इंदापूर तालुक्यात बसून प्रतिकृती जुळवणाऱ्याने आधी हवा पाहावी. हा पर्जन्यछायेतला प्रदेश आहे, एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या घरात जातो. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, इथाइल ॲसिटेट ७७ अंशांना आणि ब्युटाइल ॲसिटेट सुमारे १२६ अंशांना. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी नुसतं ॲसिटोन लावलं तर दोन भाग जुळायच्या आत ते उडून जातं आणि प्लॅस्टिकवर पांढरट चट्टा राहतो. विमानाच्या लांब पंखासाठी किंवा जहाजाच्या दोन अर्ध्या भागांसाठी ब्युटाइल ॲसिटेटचा हळू वाळणारा गोंद घ्यावा. त्यात सांधा सरळ करायला वेळ मिळतो. लहान, नेमक्या जागी बसणाऱ्या भागांसाठी पातळ गोंद घ्यावा, तो केशाकर्षणाने फटीत आपोआप ओढला जातो. सांधा दाबल्यावर कडेला मऊ प्लॅस्टिकची बारीक कड वर आली पाहिजे. ती पुसायची नाही. एक दिवस वाळू द्यावी, मग पातीने खरवडून पॉलिशपेपरने घासावी. सांध्याची रेष दिसेनाशी होते.

एक सावधगिरी मात्र सक्तीची आहे. इथाइल ॲसिटेटची वाफ उणे ४ अंशांनाही पेट घेऊ शकते. स्टोव्ह, उदबत्ती किंवा देवघरातली समई जवळ असताना ही बाटली उघडायची नाही. खिडकी उघडी हवी, आणि लहान मुलाच्या हाती बाटली देऊन मोठ्यांनी उठून जाऊ नये.

गोंद निवडण्याआधीचा प्रश्न मात्र वेगळाच असतो: हातातलं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन आहे का? दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला बाजारात मिळणारे मऊ, वाकणारे मावळे आणि सैनिक अनेकदा पॉलिथिनचे असतात. त्यांवर कोणताही द्रावक काम करत नाही. ओळखायची सोपी रीत घरात आहे. त्याच प्लॅस्टिकचा छोटा तुकडा साध्या पाण्यात टाकावा. तरंगला तर तो पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन असायचा. बुडाला तर पाण्यात मीठ विरघळेल तेवढं विरघळवावं. आता वर आला तर पॉलिस्टायरीनची शक्यता मोठी. खारट पाण्यातही तळाशीच राहिला तर तो बहुधा पीव्हीसी. तुटलेला पॉलिथिनचा भाला गोंदाने चिकटवण्याचा हट्ट धरू नये. बारीक छिद्र पाडून आत तारेचा तुकडा बसवला तर तो टिकतो.

झटकन धरणाऱ्या फेव्हिक्विकसारख्या गोंदाचा मोह सगळ्यांना होतो. हा सायनोॲक्रिलेट. ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांना १९४२ साली बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना तो सापडला होता, पण हाताला येईल ते चिकटतं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. १९५८ साली तो बाजारात आला. धातूचा भाग प्लॅस्टिकवर बसवायला, रेझिनचं डोकं प्लॅस्टिकच्या धडाला लावायला तोच उपयोगी. पॉलिस्टायरीनच्या दोन भागांत मात्र तो वरवर धरतो. सांधा ठिसूळ राहतो, बाजूने धक्का लागला की कड्‌कन सुटतो. शिवाय त्याची वाफ पारदर्शक भागांवर बसून पांढरं धुकं आणते, म्हणून विमानाच्या काचेजवळ तो नेऊच नये. तिथे सुताराचा पांढरा गोंदच बरा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकला तर ओल्या कापसाने पुसता येतो.

आता काही गोंदांत लिमोनीन येऊ लागलं आहे. हा द्रावक संत्र्या-लिंबांच्या सालींतल्या तेलातून निघतो. त्याला वास येतो तो संत्र्याचा, आणि तो सावकाश वाळतो. बंद खोलीत, लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांनी तो पसंत केला आहे. उकळबिंदू १७६ अंशांचा असल्याने अंथुर्ण्याच्या मे महिन्यातल्या दुपारीही त्याने जुळवायला भरपूर अवधी मिळतो, फक्त सांधा पक्का व्हायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं.