चवदार तळ्याआधीचा एक ठराव

महाराष्ट्र विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांची एक ठरीव भाषा आहे. आमदार विचारतात, ‘अमुक गावची पाणीपुरवठा योजना निधीअभावी रखडली आहे, हे खरे आहे काय?’ मंत्र्यांचे छापील उत्तर येते, ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. भाषांतराच्या कामात या शेवटच्या तीन शब्दांशी मी बरेचदा अडले आहे. प्रश्न तर समोर छापलेला असतो. तो विचारणारा माणूस निवडून आलेला असतो. तरीही प्रश्न उद्भवत नाही, हे दुसऱ्या भाषेतल्या वाचकाला कसे पटवायचे?

विहीर, शाळा, दवाखाना आणि त्यांचा पैसा यांबद्दल सभागृहात विचारून नेमके काय होते? या प्रश्नाला इतिहासात एक उत्तर सापडते. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबई विधान परिषदेतल्या एका ठरावाची ही गोष्ट आहे. त्या ठरावामुळे पुढे जे घडले ते भारतभर माहीत आहे, ठराव मात्र महाराष्ट्राबाहेर फारसा कुणी वाचलेला नसतो.

आधी थोडे प्रश्न विचारण्याच्या हक्काविषयी. 1861च्या कायद्याने बनलेल्या कायदे कौन्सिलांत सभासदाला सरकारला प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. 1892मध्ये ती मिळाली, पण उत्तर आले की गप्प बसायचे. 1909मध्ये मूळ प्रश्न विचारणाऱ्याला पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागला आणि सभासदांना ठराव मांडता येऊ लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 सालच्या अंदाजपत्रकावर बोलताना सरकारी शिलकीचा डांगोरा पिटणाऱ्यांना सुनावले होते की, तिजोरीतली शिल्लक ही रयतेच्या भरभराटीची खूण नव्हे. ते भाषण गाजले, पण त्या अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार गोखल्यांना नव्हता. 1919च्या सुधारणांनंतर प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती भारतीय मंत्र्यांकडे गेली, अर्थखाते मात्र गव्हर्नरच्या राखीव कारभारातच राहिले. म्हणजे शाळेबद्दल जाब द्यायचा एकाने आणि शाळेचा पैसा दुसऱ्याच्या हातात.

अशा सभागृहात 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. बोले मुंबईतल्या कामगार चळवळीतले कार्यकर्ते. कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक. जातीने भंडारी, विचाराने ब्राह्मणेतर चळवळीच्या जवळचे. त्यांच्या ठरावाचा आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा राखलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या सर्व पाणवठ्यांचा, विहिरींचा आणि धर्मशाळांचा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गाला करू द्यावा, अशी परिषदेची शिफारस आहे.

यात धर्म नाही, दया नाही, पाप-पुण्य नाही. आहे तो पैसा. पाणवठा कुणाच्या पैशातून बांधला, एवढेच हा ठराव विचारतो.

हे वाक्य किती वेगळे होते हे कळायला मराठीतला एक शब्द पाहावा लागेल. आपल्याकडे विहिरीला ‘गावची विहीर’ म्हणत. पण ‘गाव’ या शब्दात महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा धरलेला नसे. ते गावकुसाबाहेर. ‘गाव जेवायला बसले’ म्हटले की कोण बसले आणि कोण नाही, हे सांगावे लागत नसे. म्हणून ‘गावचे पाणी’ या शब्दांत सगळ्यांचे पाणी असा अर्थ येतच नव्हता. बोल्यांच्या ठरावाने ‘गावचे’ हा शब्दच बाजूला सारला आणि त्याच्या जागी सार्वजनिक निधी आणला. गावाच्या वेशीला आत-बाहेर असते, कराच्या पावतीला नसते.

ठराव मंजूर झाला. मात्र परिषदेचा ठराव म्हणजे हुकूम नव्हे, शिफारस. सरकारने 11 सप्टेंबर 1923 रोजी त्यावर आदेश काढला आणि त्यात एक बारीक फट ठेवली. सरकारी मालकीच्या जागा आणि संस्था असतील तिथे खातेप्रमुखांनी ठराव अंमलात आणावा, असे आदेशात स्पष्ट होते. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्याबाबतीत मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना सल्ला द्यायचा होता, आणि सल्ला एवढाच की शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का याचा त्यांनी विचार करावा. शिफारस, मग सल्ला, मग इष्टतेचा विचार. प्रत्येक क्रियापदाबरोबर पाणी एक पाऊल लांब गेले. आणि रोजच्या वापराच्या विहिरी-तळी बहुतेक होती ती नेमकी याच स्थानिक संस्थांच्या हातात.

मद्रासमध्येही याच सुमारास असेच घडत होते. 1924मध्ये रेट्टमलई श्रीनिवासन यांनी तिथल्या विधान परिषदेत सार्वजनिक रस्ते, विहिरी आणि कचेऱ्या सर्वांना खुल्या असाव्यात असा ठराव मांडला आणि सरकारने तसा आदेश काढला. दोन प्रांतांत, दोन भाषांच्या मुलखात, माणसे एकाच शब्दाला धरून उभी होती: सार्वजनिक.

कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, महाडच्या नगरपालिकेने 1924च्या जानेवारीत शिफारस स्वीकारली आणि चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी सुधारणावादी माणसे तिथे कारभारात होती. ठराव कागदावर राहिला. महाड तालुक्याचे ठिकाण, बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतले महार तिथे खरेदीला येत, आणि वतनी कामासाठीही येत. गावकामगारांचा टपाल-कागद तालुक्याच्या कचेरीत पोचवणे, गावचा वसूल सरकारी खजिन्यात भरायला नेणे हे त्यांचे काम. ज्याच्या पायांवर सरकारचा महसूल खजिन्यापर्यंत चालत येई, त्याला खजिन्याजवळच्या तळ्यावर ओंजळभर पाणी पिता येत नव्हते. मुसलमान, ख्रिस्ती त्या तळ्याचे पाणी घेत. गुरेही पीत.

बोले गप्प बसले नाहीत. 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी परिषदेत दुसरा ठराव मांडला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे 1923चा ठराव अंमलात आणायला नकार देतात, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. मला हा दुसरा ठराव पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. तीन वर्षे सल्ला देऊन जे झाले नाही ते कुठे अडले आहे, हे त्यांनी ओळखले होते. पाणी सर्वांच्या पैशाचे असेल तर सर्वांना ते नाकारणाऱ्या संस्थेला सर्वांचा पैसा का मिळावा? प्रश्न इतका साधा आहे की त्याला ‘उद्भवत नाही’ म्हणण्यावाचून दुसरे उत्तर सुचू नये.

पुढच्या वर्षी याच सभागृहात एक नवे नामनियुक्त सभासद आले: डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. 24 फेब्रुवारी 1927 रोजी ते अंदाजपत्रकावर बोलले आणि 12 मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर. दुसऱ्या भाषणात त्यांनी आकडेच मांडले. शिक्षणाचा प्रसार याच वेगाने झाला तर शाळेच्या वयाच्या सगळ्या मुलांना शाळेत आणायला 40 वर्षे लागतील आणि मुलींना 300. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभरातली 18 मुलेच चौथीपर्यंत पोचतात. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते, आणि दारूवरच्या करातून त्याच्या दुपटीहून जास्त वसूल करते. निदान लोकांकडून दारूपायी जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. बोल्यांचा धागाच त्यांनी पुढे नेला होता: पैसा कुणाचा, आणि तो कुणापर्यंत पोचतो.

त्यानंतर एका आठवड्याने, 19 आणि 20 मार्च 1927 रोजी, हेच सभासद महाडमध्ये होते. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे यांसारख्या कार्यकर्त्यांनी परिषद भरवली होती. जमलेल्या हजारो माणसांसाठी पाणी विकत घ्यावे लागले होते, जवळ भरलेले तळे असताना. दुसऱ्या दिवशी आंबेडकरांसह सगळे रांगेने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

हा प्रसंग आपण बहुधा बंड म्हणून सांगतो, आणि तो बंड होताच. पण कागद समोर ठेवला तर आणखी एक गोष्ट दिसते. त्या दिवशी तळ्यावर गेलेली माणसे कोणताही कायदा मोडत नव्हती. विधान परिषदेची शिफारस, सरकारचा आदेश आणि खुद्द महाड नगरपालिकेचा ठराव, तिन्ही त्यांच्या बाजूचे होते. जे काम साडेतीन वर्षे कुणी केले नाही, ते ही माणसे स्वतः करत होती. ती अंमलबजावणी होती. आणि तिच्याबद्दल त्यांना लाठ्या खाव्या लागल्या. परतताना वाटेत, गावागावांत त्यांना मारहाण झाली. तळ्याची पंचगव्याने शुद्धी करण्यात आली. मग महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख होती 4 ऑगस्ट 1927. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरात महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे सार्वजनिक नाही आणि अस्पृश्यांना त्यापासून दूर ठेवण्याची प्रथा प्राचीन आहे, असे त्यांचे म्हणणे. दावा दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अशी अनादी काळापासूनची प्रथा सिद्ध झालेली नाही, असे म्हणून अपील फेटाळले. ज्या तळ्यावर आंबेडकर एकदा चालत गेले, त्याच्यापाठी ते दहा वर्षे कागद लढवत होते.

त्यानंतर तेरा वर्षांनी संविधान अंमलात आले. त्याच्या कलम 15मध्ये जातीच्या कारणावरून ज्या ठिकाणी मज्जाव करता येणार नाही त्यांची यादी आहे: विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते, लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा. आणि त्या कोणत्या? पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या, अथवा सर्वसामान्य जनतेसाठी ठेवलेल्या. 1923चा ठराव आणि हे उपकलम मी शेजारी ठेवून वाचते तेव्हा मला त्यात तीच जुनी खूण दिसते. विहीर, तळे आणि त्यामागचा पैसा एका वाक्यात बांधलेले. फरक क्रियापदाचा आहे. तिथे शिफारस होती, इथे मनाई आहे. मधल्या सत्तावीस वर्षांचा इतिहास त्या दोन क्रियापदांमध्ये मावलेला आहे.

सभागृहात विचारलेल्या प्रश्नाने तळे उघडत नाही, हे बोल्यांना 1926पर्यंत कळून चुकले होते. पण तो प्रश्न विचारला नसता तर 20 मार्चला तळ्याकडे निघालेल्या माणसांच्या हाती कागद नसता. कागद आणि पाय, दोन्ही लागले. म्हणून आजही एखाद्या आडगावच्या नळयोजनेबद्दलचा कंटाळवाणा तारांकित प्रश्न भाषांतराला आला की मी तो घाईने उरकत नाही. निधी मंजूर झाला का, कुठे गेला, नळाला पाणी आले का आणि गावाच्या कोणत्या भागात आले, हे शब्द नीट उतरले पाहिजेत. पुढेमागे कुणाला तरी तो कागद हातात धरून चालायचे असेल.