ओळीनिहाय गटगणना

तक्त्यातील प्रत्येक ओळ जशीच्या तशी ठेवून, ती ज्या गटात मोडते त्या गटातील एकूण ओळींची संख्या तिच्याच शेजारी वेगळ्या रकान्यात दाखवण्याची रीत. एसक्यूएल या क्वेरीभाषेत तिचा नेहमीचा वापर होतो.

नांदेड जिल्ह्यात १६ तालुके आहेत, लातूर जिल्ह्यात १०. तालुका आणि जिल्हा अशा दोन रकान्यांचा तक्ता केला, तर २६ ओळी होतात. त्यावर ‘ग्रुप बाय जिल्हा’ लावले की दोनच ओळींचा गोषवारा हाती येतो: नांदेड १६, लातूर १०. आकडे बरोबर असतात, पण किनवट, माहूर, उदगीर, औसा ही नावे त्यात कुठेच नसतात. ओळीनिहाय गणनेत २६च्या २६ ओळी राहतात. किनवटच्या ओळीत १६ दिसतात, औशाच्या ओळीत १०.

पूर्वी यासाठी गोषवारा वेगळा काढून तो मूळ तक्त्याला जिल्ह्याच्या नावावरून परत जोडावा लागे. आजही ही पद्धत चालते, मात्र जिल्ह्याचा रकाना रिकामा असलेली ओळ साध्या जोडणीत गळून पडते. सरळ मार्ग म्हणजे ‘काउंट(*) ओव्हर (पार्टिशन बाय जिल्हा)’. ओरॅकलने अशी फंक्शन्स १९९९च्या सुमारास आणली आणि २००३च्या एसक्यूएल प्रमाणकात त्यांना जागा मिळाली. पोस्टग्रेसमध्ये ती २००९ साली आली. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना २०१८पर्यंत थांबावे लागले.

चुका होतात त्या बहुतेक क्रमाच्या. इस्लापूर हे किनवट तालुक्यातले गाव. त्याच्या ओळीत जिल्ह्यातील तालुक्यांची संख्या हवी म्हणून कोणी तालुक्यांना आधी गावांचा तक्ता जोडला आणि मग मोजले, तर प्रत्येक तालुका त्याच्या गावांइतक्या वेळा येतो आणि १६च्या जागी गावांची संख्या पडते. त्यातच ‘व्हेअर’मध्ये गाव इस्लापूर अशी अट घातली, तर उत्तर १ येते, कारण ‘व्हेअर’ची गाळणी आधी होते आणि उरलेल्या ओळींचीच गणना होते. म्हणून तालुके आधी मोजावेत, ती गणना आतल्या क्वेरीत ठेवावी, मग गावे जोडावीत आणि गाळणी सर्वांत शेवटी लावावी. हा क्रम पाळला की इस्लापूरच्या ओळीत १६ येतात.

‘ओव्हर’च्या कंसात ‘ऑर्डर बाय तालुका’ घातले, तर एकूण संख्येऐवजी चढती मोजणी सुरू होते: १, २, ३ करत १६पर्यंत. अनुक्रम हवा असेल तर ती उपयोगी आहे, एकूण हवी असेल तर घातक. ‘काउंट’च्या कंसात तारांकनाऐवजी रकान्याचे नाव दिले, तर त्या रकान्यात रिकाम्या असलेल्या ओळी मोजल्या जात नाहीत. नावांच्या लेखनाकडेही लक्ष हवे. एका ओळीत ‘नांदेड’ आणि दुसरीत ‘नान्देड’ असले, तर संगणक दोन जिल्हे मानतो आणि दोन्हींचे आकडे चुकतात. नावाऐवजी जनगणनेतील संकेतांकावर गट पाडणे कधीही चांगले. २०११च्या जनगणनेत नांदेडचा संकेतांक ५११ आहे.

गटाची संख्या तक्त्यात कायमची लिहून ठेवू नये. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. माहूर पूर्वी किनवट तालुक्यात होते. अशा प्रत्येक बदलानंतर लिहून ठेवलेले आकडे खोटे ठरतात. उद्या इस्लापूर स्वतंत्र तालुका झाला, तर तक्त्यात एक ओळ वाढवणे पुरेसे आहे: क्वेरी पुन्हा चालवताच नांदेडच्या सतराही ओळींत १७ येतील.

अहवाल पुढे पाठवण्याआधी एक ताळा जरूर करावा. गणनेचा रकाना जोडण्यापूर्वी तक्त्यात जितक्या ओळी होत्या, तितक्याच नंतरही असल्या पाहिजेत. वाढल्या किंवा घटल्या असतील, तर आधी जोडणी तपासावी.