मुहम्मद अली आणि जो फ्रेझर : दोन विजेते, दोन वारसे

मुहम्मद अली हे नाव आपल्या घरांत कुणाला सांगावं लागत नाही. आजोबांनी त्यांच्या कुस्तीसारखे रंगलेले किस्से सांगितलेले असतात, मुलांनी मोबाईलवर त्यांचे ठोसे पाहिलेले असतात. पण वर्गात मी जो फ्रेझर कोण असं विचारलं, तर एकही हात वर येत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अलींना पहिल्यांदा हरवणारा माणूस म्हणजे हाच फ्रेझर. दोघेही हेवीवेट विश्वविजेते, दोघेही आज या जगात नाहीत. एकाचं नाव विमानतळावर आहे, दुसऱ्याचं नाव त्याच्या स्वतःच्या शहरालाही उशिरा आठवलं. असं का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे.

एका नजरेत

मुहम्मद अली : जन्म 17 जानेवारी 1942, लुईव्हिल, केंटकी. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण. 56 विजय (37 नॉकआऊट), 5 पराभव. तीन वेळा हेवीवेट विश्वविजेते. निधन 3 जून 2016.

जो फ्रेझर : जन्म 12 जानेवारी 1944, ब्यूफर्ट, साउथ कॅरोलिना. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण. 32 विजय (27 नॉकआऊट), 4 पराभव, 1 बरोबरी. निधन 7 नोव्हेंबर 2011.

दोघांची सुरुवात

अलींचं जन्मनाव कॅशियस क्ले. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. बारा वर्षांचे असताना त्यांची सायकल चोरीला गेली. तक्रार घेणारा पोलीस बॉक्सिंग शिकवत होता, त्यानेच या मुलाला रिंगमध्ये आणलं. 1964 मध्ये सनी लिस्टनला हरवून ते विश्वविजेते झाले आणि लगेच त्यांनी नेशन ऑफ इस्लाम या संघटनेशी असलेलं नातं जाहीर केलं. नवं नाव मिळालं मुहम्मद अली. पुढे 1972 मध्ये त्यांनी हज केली आणि 1975 नंतर ते सुन्नी इस्लामकडे आले.

फ्रेझर यांचं घर याहून गरीब. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे, घरात बारा मुलं, वडिलांचा एक हात गेलेला. लहानपणी जो यांचाही डावा हात दुखावला आणि तो पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. गंमत बघा, त्याच वाकड्या हाताचा लेफ्ट हुक पुढे जगात गाजला. किशोरवयातच ते गाव सोडून निघाले आणि फिलाडेल्फियात कत्तलखान्यात कामाला लागले. जिममध्ये गेले ते वजन कमी करायला. तिथून ऑलिम्पिकपर्यंत पोहोचले आणि अंगठा मोडलेला असताना अंतिम सामना जिंकले.

किताब गेला, तेव्हा

28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टनमध्ये अलींनी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. व्हिएतनामचं युद्ध त्यांच्या ईमानाला मान्य नव्हतं. किताब गेला, परवाना गेला, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड झाला. अपील चालू असल्यामुळे ते तुरुंगात गेले नाहीत, पण साडेतीन वर्षं रिंग बंद राहिली. बॉक्सरच्या आयुष्यातली ही सर्वांत मोलाची वर्षं. शेवटी 28 जून 1971 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती शिक्षा रद्द केली. अलींचा खरा वारसा इथे आहे. ठोसे अनेकांचे जोरदार होते, पण आपल्या विश्वासासाठी एवढी किंमत मोजणारे फार थोडे.

या वाईट काळात अलींना पैशांची मदत करणाऱ्यांत जो फ्रेझर होते. अलींचा परवाना परत मिळावा म्हणून त्यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडेही शब्द टाकला. यात त्यांचाही फायदा होता हे खरं, कारण अलींना हरवल्याशिवाय त्यांना कुणी पूर्ण विजेता मानलं नसतं. तरी मदत ती मदतच.

तीन सामने

पहिला सामना 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. दोघेही तोवर अपराजित. प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर मिळाले. पंधराव्या फेरीत फ्रेझर यांच्या लेफ्ट हुकने अली खाली कोसळले. ते उठले, पण तिन्ही पंचांनी विजय फ्रेझर यांना दिला. 28 जानेवारी 1974 ला दुसरा सामना अलींनी गुणांवर जिंकला.

तिसरा सामना 1 ऑक्टोबर 1975 रोजी मनिलाजवळच्या क्वेझॉन सिटीत, भयंकर उकाड्यात झाला. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझर यांचे डोळे सुजून बंद झाले होते. तरी ते उठायला तयार होते. त्यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्यांना पंधराव्या फेरीसाठी पाठवलं नाही. अली जिंकले, पण मरणाच्या जवळ जाऊन आल्यासारखं वाटलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

शब्दांचा मार

आता जी गोष्ट आपण सहसा सांगत नाही ती. सामन्यांआधी अलींनी फ्रेझर यांना ‘अंकल टॉम’ म्हटलं, म्हणजे गोऱ्यांच्या ताटाखालचं मांजर. मनिलाच्या वेळी त्यांना ‘गोरिला’ म्हटलं आणि रबरी गोरिला खिशातून काढून पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारले. लोक हसले. तिकीटविक्रीसाठी हे चालतं, असं पुष्कळजण म्हणाले. पण फ्रेझर यांच्या मुलाला शाळेत त्यावरून चिडवलं गेलं. स्वतः कष्टकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या, अडचणीत साथ दिलेल्या माणसावर हा अन्याय होता.

फ्रेझर यांनी तो राग वर्षानुवर्षं धरून ठेवला. अलींना पार्किन्सन झाल्यावर त्यांच्या आजाराबद्दलही ते कडवट बोलले. तेही बरोबर नव्हतं. 2001 मध्ये अलींनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून माफी मागितली आणि त्या भरात नको ते बोललो असं कबूल केलं. त्याच वर्षी दोघांच्या मुली, लैला अली आणि जॅकी फ्रेझर-लाइड, रिंगमध्ये समोरासमोर आल्या. लैला जिंकल्या. जॅकी पुढे फिलाडेल्फियात न्यायाधीश झाल्या.

मागे काय राहिलं?

अलींच्या मागे खूप काही राहिलं. बॉक्सरांची पिळवणूक थांबावी म्हणून 2000 मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याला त्यांचं नाव आहे. 1990 मध्ये इराकला जाऊन ते 15 अमेरिकी ओलिसांना घेऊन परतले. 1996 मध्ये थरथरत्या हाताने त्यांनी अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवली. 2005 मध्ये लुईव्हिलमध्ये मुहम्मद अली सेंटर उघडलं, 2019 मध्ये तिथल्या विमानतळाला त्यांचं नाव मिळालं. हॉलिवूडमध्ये कलावंतांच्या नावाचे तारे फूटपाथवर असतात. अलींचा तारा मात्र भिंतीवर आहे, कारण मुहम्मद या नावावर कुणाचा पाय पडू नये असं त्यांना वाटत होतं.

फ्रेझर यांच्या मागे राहिली त्यांची जिम. उत्तर फिलाडेल्फियातल्या या जिममध्ये त्यांनी गरीब वस्तीतली मुलं वर्षानुवर्षं घडवली, आणि काही काळ ते तिच्याच वरच्या मजल्यावर राहिले. ती बंद पडली, तिथे फर्निचरचं दुकान आलं. 2013 मध्ये इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, पण तोवर ते गेले होते. ‘रॉकी’ या 1976 च्या सिनेमात नायक टांगलेल्या मांसावर ठोसे मारतो, ती गोष्ट फ्रेझर यांच्या आयुष्यातली. पण फिलाडेल्फियात पुतळा आधी उभा राहिला तो त्या काल्पनिक रॉकीचा. खऱ्या फ्रेझर यांचा पुतळा 2015 मध्ये आला, निधनानंतर चार वर्षांनी.

मुलांना सांगताना

दोघांची तुलना केली तर अलींचा वारसा मोठा आहे, यात वाद नाही. तो रिंगच्या बाहेर, जगभर पोहोचला. पण फ्रेझर नसते तर अलींचं मोठेपण आपल्याला एवढं कळलंही नसतं. आणि आपला हिरो आहे म्हणून त्याची चूक झाकायची, हा इन्साफ नाही. मुलांना अलींची हिंमत सांगा, सोबत त्यांची चूक आणि माफीही सांगा. एखाद्या मुलाला टोपणनावाने हिणवणाऱ्या पोरांना ही गोष्ट उपदेशापेक्षा लवकर समजते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

नोव्हेंबर 2011 मध्ये फ्रेझर यांच्या अंत्यविधीला आजारी अली फिलाडेल्फियाला गेले होते. जेसी जॅक्सन यांनी सगळ्यांना उभं राहून जो यांच्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितलं. अलींना धड उभं राहता येत नव्हतं. तरी ते उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.