सर्व्हर : आभासी की प्रत्यक्ष?

कार्यालयासाठी नवे सॉफ्टवेअर घेतले की पाठोपाठ प्रश्न येतो, ते चालवायचे कोठे? त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर विकत घ्यावा, की एकाच यंत्रावर अनेक ‘आभासी’ सर्व्हर निर्माण करून त्यांपैकी एकावर त्याची सोय करावी? हा निर्णय बहुधा केवळ किमतीकडे पाहून घेतला जातो. वास्तविक तो दोन गोष्टींवर अवलंबून असावयास हवा : सॉफ्टवेअरचा यंत्रावर पडणारा ताण आणि यंत्र बंद पडल्यास होणारे नुकसान.

आभासी सर्व्हर म्हणजे काय?

प्रत्यक्ष सर्व्हरवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि यंत्राची सारी साधने तिच्याच ताब्यात असतात. आभासी पद्धतीत यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये ‘हायपरव्हायजर’ हे सॉफ्टवेअर असते. ते प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क यांची वाटणी करते. एकाच इमारतीतील सदनिकांसारखी ही व्यवस्था आहे : दारे वेगळी, पाण्याची टाकी एकच.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्येच मेनफ्रेम संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली होती. सर्वसाधारण सर्व्हरवर ती रुजू लागली ती व्हीएमवेअर कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या ‘ईएसएक्स सर्व्हर’मुळे. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच तशी सोय केल्याने तिचा मार्ग सुकर झाला.

कोणते काम कोठे?

अंतर्गत संकेतस्थळ, हजेरीपट, फाईल साठवण, चाचणीसाठी लागणारे सर्व्हर यांचा ताण दिवसातील बराच काळ अल्प असतो. अशी कामे एका यंत्रावर एकत्र आणल्यास वीज, वातानुकूलन व जागा यांची बचत होते. नवा सर्व्हर काही मिनिटांत उभा राहतो आणि योग्य जुळणी असल्यास चालू स्थितीतच दुसऱ्या यंत्रावर हलविता येतो.

याउलट डिस्कवर अखंड वाचन-लेखन करणारा मोठा डेटाबेस, सूक्ष्म विलंबही न चालणारे शेअर व्यवहार किंवा विशिष्ट हार्डवेअर कार्डावर चालणारी प्रणाली यांच्यासाठी प्रत्यक्ष सर्व्हर अधिक भरवशाचा. शेजारच्या आभासी सर्व्हरने डिस्क अडवून धरली, तर त्याची झळ इतरांनाही पोहोचते. परवान्याच्या अटीही तपासाव्यात. काही डेटाबेसचे शुल्क वापरलेल्या नव्हे, तर खालच्या यंत्रातील सर्व प्रोसेसर-कोअरवर आकारले जाते.

सर्वांत मोठा धोका

दहा सर्व्हर एका यंत्रावर आणले, तर त्या एका यंत्राच्या बिघाडाने दहाही कामे थांबतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने हायपरव्हायजरच्या जुन्या, दुरुस्ती न केलेल्या आवृत्त्यांनाच लक्ष्य केले. आभासी सर्व्हरच्या फायली कुलूपबंद झाल्याने अनेक संस्थांची कामे एकाच वेळी ठप्प झाली. म्हणून किमान दोन यंत्रे असावीत आणि एक बंद पडल्यास सारा भार पेलेल एवढी क्षमता दुसऱ्यात राखावी. ‘स्नॅपशॉट’ म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळ्या ठिकाणीच ठेवावा.

खर्चाचे गणितही बदलू शकते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. लिनक्समधील ‘केव्हीएम’ व ‘झेन’ हे मुक्त पर्याय तसेच मायक्रोसॉफ्टचे ‘हायपर-व्ही’ यांचाही विचार त्यामुळे करावा लागतो.

निर्णयापूर्वी किमान महिनाभर, महिनाअखेरच्या गर्दीसह, प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांच्या वापराची नोंद ठेवावी. सरासरीवर विसंबू नये. सर्वाधिक ताणाचा तास पाहावा. त्या तासाला सर्व्हर बंद पडला तर किती वेळ थांबणे परवडेल, याचे उत्तर आधी लिहून काढावे आणि मगच खरेदीकडे वळावे.