विहिरीवरचे इंजिन आणि दारातली मोटार

ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांच्या कानात डिझेल इंजिनाचा एक आवाज कायमचा बसलेला असतो. विहिरीच्या काठावर चौथऱ्याला आवळून बसवलेले ते लोखंडी धूड. हँडल मारून मारून गड्याचे खांदे भरून आले की मग ते धापा टाकीत सुरू व्हायचे. काळा धूर ओकायचे, जमीन हादरवायचे. पण एकदा चालू झाले की मळ्याचे पाणी होईपर्यंत थांबायचे नाही. 1946 साली निघालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने खडकीहून अशी इंजिने शिवाराशिवारांत नेऊन पोचवली. त्या काळी कोणी म्हटले असते की हेच इंजिन एक दिवस चौघांच्या कुटुंबाची छोटी मोटार ओढील आणि आत बसलेल्या माणसाला त्याची चाहूलही फारशी लागणार नाही, तर त्याला आम्ही वेड्यात काढले असते.

या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल. त्याची कल्पना ऐकायला सोपी होती: हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी, आणि त्या तापल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की ठिणगीवाचून पेट घ्यावा. 1893 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे पहिल्या चाचणीतच स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण उडाले आणि डिझेलसाहेब थोडक्यात बचावले. चार वर्षांनी, 1897 साली, त्याच कारखान्यातील इंजिनाने तेलातील उष्णतेपैकी सुमारे 26 टक्के उष्णता कामास लावून दाखवली. वाफेच्या यंत्रांना जे साधत नव्हते ते यात साधले होते. परंतु हे यंत्र दोन पुरुष उंच! ते गाडीत बसवणार कसे? 1913 साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला, तोपर्यंत या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नव्हते.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. बॉशने 1927 च्या सुमारास तेल फवारणारे आटोपशीर पंप कारखान्यात काढले आणि मालमोटारींची सोय झाली. 1936 साली मर्सिडीजची 260 डी ही डिझेलवर धावणारी मोटार आली. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने एक चक्र फिरवावे आणि त्याच्या बळावर आत जास्त हवा कोंबावी, ही टर्बोची युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याची, 1905 सालची. ती विक्रीच्या डिझेल मोटारीत यायला मात्र 1978 उजाडले.

तरीही खडखड गेली नव्हती. तिचे कारण असे की तेल एकाच घासात आत पडे आणि एकदम पेटे. तो ठोका आपल्या कानावर येई. यावर इटलीतील फियाटच्या लोकांनी जे काम केले ते आम्हाला या सगळ्या इतिहासातील सर्वांत रसाळ प्रकरण वाटते. पंपाने तेल सतत एका जाड नळीत प्रचंड दाबाने भरून ठेवायचे आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी विजेने उघडझाप करणारा फवारा ठेवायचा. यालाच कॉमन रेल म्हणतात. पैशाच्या अडचणीमुळे म्हणा, फियाटने ही विद्या 1994 साली बॉशला विकली, आणि 1997 साली आल्फा रोमियो 156 मध्ये ती पहिल्याने आली. घरचे बियाणे सावकाराला विकून पुन्हा त्याच्याकडूनच घ्यावे, असाच हा व्यवहार!

2003 साली फियाटने याचे धाकटे रूप काढले, ते 1.3 मल्टिजेट. चार सिलिंडर, सोळा झडपा, आकारमान 1,248 घनसेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास 69.6 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 82. एका धावेत तेल एकदाच न देता पाच वेळांपर्यंत थोडे थोडे द्यायचे, म्हणजे पेट हळूहळू वाढतो आणि ठोका मवाळ होतो. साध्या टर्बोवर 75 अश्वशक्ती. ओढ 190 न्यूटन-मीटर, तीही दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच. घाटात भरल्या गाडीला गिअर फारसा का बदलावा लागत नाही, त्याचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे. बदलत्या पात्यांचा टर्बो लावलेल्या भावंडाने 90 अश्वशक्ती दिली. पोलंडमधील बिएल्स्को-बियावा हे त्याचे जन्मगाव.

तेथून ते आपल्याकडे आले. 2007 च्या जानेवारीत मारुतीची डिझेल स्विफ्ट निघाली. तिचे इंजिन हरयाणात मानेसरला होई. दुसरीकडे टाटा व फियाट यांच्या भागीदारीतून पुण्याजवळच्या रांजणगावात, म्हणजे महागणपतीच्या शेजारीच, हेच इंजिन होऊ लागले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या घरांनी एकच इंजिन वापरले म्हणून गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. त्या लोकप्रियतेत इंजिनाच्या गुणाइतकाच सरकारी भावाचाही वाटा होता, हे विसरू नये. 2012 च्या उन्हाळ्यात दिल्लीत पेट्रोल आणि डिझेल यांच्यात लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते. 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलचा भाव मोकळा झाला आणि ते गणित हळूहळू मोडले.

आता टिकाऊपणाविषयी. विहिरीवरच्या इंजिनात गाळीव-अगाळीव कसलेही तेल चाले. येथे चालत नाही. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, तर या नळीत तेल 1,400 ते 1,600 बारपर्यंत दाबलेले असते. फवाऱ्याची छिद्रे केसाच्या जाडीची. त्यात पाण्याचा थेंब वा धुळीचा कण गेला तर नुकसान हजारांनी मोजावे लागते. म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे आणि त्यातले पाणी सोडणे याला पर्याय नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तेही वंगणाच्या पातळ थरावर तरंगत. हमरस्त्यावरून जोरात आल्याबरोबर किल्ली फिरवू नये, अर्धा-एक मिनिट इंजिन तसेच चालू द्यावे, ते याकरिता.

सर्वांत नाजूक जागा साखळीची. झडपा चालवणारा पट्टा नाही, साखळी आहे. म्हणून ती जन्मभर पुरते, असे आम्हीही समजत होतो. निवृत्तीच्या पैशातून जुनी गाडी घेतली. गावातल्या गावात फिरणे, वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटर. ऑइल किलोमीटरवर बदलायचे असते, या समजुतीने आम्ही तीन वर्षे एकच ऑइल चालवले, कमी झाले तर हाती लागेल ते वर ओतले. ज्या मिस्त्रीने शेवटी झाकण उघडले, त्याने डांबरासारखा गाळ बोटावर घेऊन आम्हाला दाखवला. साखळी ताणून धरणारा दट्ट्या ऑइलच्या दाबावर चालतो. गाळाने त्याची वाट अडली की साखळी सैल पडते, आणि दाता सुटला तर झडपा दट्ट्यांवर आदळतात. आमचा दाता सुटला नव्हता, एवढेच नशीब. साखळीचा सगळा संच बदलावा लागला. तीन लिटरांच्या आसपास ऑइल ते, त्याची काटकसर आम्हाला दोन महिन्यांच्या पेन्शनला पडली. दोष इंजिनाचा नव्हता.

धुराची बाजू झाकून हा इतिहास पुरा होणार नाही. 2015 साली अमेरिकेत उघड झाले की फोक्सवॅगनने चाचणीपुरता धूर स्वच्छ दाखवण्याची लबाडी यंत्रात बसवली होती. त्यानंतर डिझेलवरचा लोकांचा विश्वास पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे बीएस-6 नियम आले. लहान इंजिनाला ती धूर गाळणारी सामग्री लावायची तर गाडीची किंमत परवडेना. मारुतीने डिझेल सोडले आणि 1.3 चेही भारतातील उत्पादन थांबले.

तरी जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, हातोहात विकल्याही जात आहेत. ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी विकणाऱ्याकडे संध्याकाळी जाऊ नये. पहाटे जावे, आणि इंजिन आधीच तापवून ठेवले आहे का, ते हात लावून पाहावे. मग थंड इंजिन सुरू करून कान द्यावा. पहिले एक-दोन सेकंद साखळीची खुळखुळ ऐकू आली आणि लगेच विरली, तर पुढे बोलणी करण्यास हरकत नाही. ती तशीच चालू राहिली, तर विकणाऱ्याला शेवटचे ऑइल कधी बदलले त्याची पावती मागावी.